‘लुई लुई’ : या गाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या पोरांना मी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ‘लुई लुई’ हे जुनं अमेरिकन रॉक गाणं देतो, कारण तीन कॉर्डमध्ये अख्खं गाणं होतं आणि बोटं दुखायला लागली तरी सोडवत नाही. मग घरी जाऊन पोरं नेटवर शोधतात आणि पुढच्या रविवारी प्रश्न घेऊन येतात, सर हे घाण गाणं आहे का, सर याच्यावर पोलीस केस झाली होती का, सर शब्द काय आहेत काहीच कळत नाही. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. अजून एक कारण आहे. या गाण्याची गोष्ट सांगताना लोक एफबीआयपासून, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेपासून सुरू करतात आणि ज्याने गाणं लिहिलं त्या रिचर्ड बेरीचं नाव शेवटी कुठेतरी येतं, कधी कधी येतच नाही. ते मला बरोबर वाटत नाही.

गाणं नक्की कुणाचं आहे? किंग्समेनचंच ना?

नाही. किंग्समेन या अमेरिकन बँडने ते गाजवलं, लिहिलं रिचर्ड बेरीने. जन्म १९३५ लुइझियानातला, वाढला लॉस एंजेलिसमध्ये, काळा माणूस, आवाज एकदम खर्जातला. पन्नाशीच्या दशकात तिथल्या रिदम अँड ब्लूजवाल्यांच्यात त्याला चांगला मान होता. १९५४ मध्ये द रॉबिन्स या ग्रुपच्या ‘रायट इन सेल ब्लॉक नंबर नाइन’मध्ये तो जाडाभरडा तुरुंगातला आवाज आहे ना, तो बेरीचा, आणि एटा जेम्सच्या पहिल्या हिट गाण्यात तिला ‘हेन्री’ म्हणून उत्तर देणारा पण तोच. म्हणजे ‘लुई लुई’च्या आधीच माणूस तयार होता, हे लक्षात घ्या, कुणीतरी योगायोगाने एक गाणं लिहून गेला असं नाही.

त्याला सुचलं कसं?

लॉस एंजेलिसजवळ अ‍ॅनाहाइम नावाचं गाव आहे, तिथे हार्मनी पार्क बॉलरूममध्ये रिलेरा भावांचा रिदम रॉकर्स नावाचा बँड वाजवायचा आणि बेरी त्यांच्याबरोबर गायचा. त्या बँडच्या यादीत एक क्युबन चाल होती, रेने तुझे या पियानोवाल्याची ‘एल लोको चा चा’. तिची सुरुवात ऐका म्हणजे लगेच कळेल, डा डा डा, डा डा, तीच ती. बेरी मागे ड्रेसिंग रूममध्ये होता, ही चाल कानावर पडली आणि डोक्यात घुसली, शब्द सुचले तसे हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून टॉयलेट पेपरवर लिहून काढले. ही १९५५-५६ च्या आसपासची गोष्ट.

मग १९५७ मध्ये फ्लिप रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने ते काढलं, ‘रिचर्ड बेरी अँड द फॅरोज’ या नावाने, आणि गंमत म्हणजे मुख्य गाणं ते नव्हतंच, ‘यू आर माय सनशाइन’ची ती दुसरी बाजू होती. पश्चिम किनाऱ्यावर बऱ्यापैकी वाजलं आणि मग थंडावलं.

बेरी म्हणजे चक बेरीचा कोण?

कुणी नाही, आडनाव सारखं. पण चक बेरीचं ‘हवाना मून’ ऐकून आपणही बेटांवरच्या बोलीत लिहावं असं याला वाटलं, एवढा संबंध आहे.

शब्द काय आहेत? खरं सांगा, घाण आहेत का?

अजिबात नाही. गोष्ट एवढीच आहे की एक जमैकन खलाशी बारमध्ये बसलाय आणि बारवाल्याला, म्हणजे लुईला, सांगतोय की बाबा मला आता निघायला पाहिजे, तिकडे माझी पोरगी वाट बघतेय. तीन दिवस तीन रात्री समुद्रातून जायचंय, सतत तिचाच विचार, बोटीवर असताना तिच्या केसातल्या फुलाचा वास येतोय असं वाटतं, मग जमैकाचा चंद्र दिसेल आणि थोड्याच वेळात ती भेटेल. संपलं. लुई हा बारवाला आहे ही गोष्टच बहुतेकांना माहीत नसते, त्यांना वाटतं लुई ही पोरगीच.

बेरी स्वतः काही जमैकन नव्हता, त्याने मुद्दाम ती बोली वापरली, जसं घाटावरच्या कुणी मालवणीत गाणं लिहावं. बारवाल्यापाशी मन मोकळं करायची कल्पना त्याने फ्रँक सिनात्रामुळे गाजलेल्या ‘वन फॉर माय बेबी’वरून घेतली, त्यात बारवाल्याचं नाव जो आहे. मला विचाराल तर आपल्याकडे दर्यावर गेलेल्या माणसाची आणि किनाऱ्यावर थांबलेल्या बाईची कोळीगीतं आहेत त्याच जातीचं हे गाणं आहे, फक्त इथे किनारा बारमध्ये आहे आणि ऐकणारा लुई आहे. रत्नागिरीच्या एका पोराला मी असं सांगितलं तेव्हा तो म्हणाला मग सर हे एवढं जोरात का ओरडतात. बरोबर प्रश्न होता. त्याचं उत्तर पुढे येतंय.

बेरीच्या रेकॉर्डपासून किंग्समेनपर्यंत गाणं पोचलं कसं?

हा भाग मला फार आवडतो कारण यात कुठलीही मोठी कंपनी नाही, गाणं हातोहात गेलंय. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिअ‍ॅटल, टॅकोमा, पोर्टलंड या पट्ट्यात, बेरीची तबकडी काही बँडवाल्यांच्या हाती लागली आणि तिथल्या नाचाच्या हॉलमध्ये ते गाणं म्हणजे नियमच झाला, वाजवलं नाही तर पोरं सोडायची नाहीत. टॅकोमाच्या द वेलर्स या बँडने रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स या गायकाला घेऊन ते रेकॉर्ड केलं आणि १९६१ मध्ये स्वतःच्याच एटिकेट नावाच्या कंपनीतर्फे काढलं. बेरीचं गाणं डुलत डुलत जायचं, रॉबर्ट्सने त्याला धाव दिली. गिटारच्या सोलोआधी चला आता दाखवूच यांना अशा अर्थाची जी आरोळी आहे ती रॉबर्ट्सची, किंग्समेननी तीसुद्धा जशीच्या तशी उचलली, त्यामुळे त्यांनी कुणाचं ऐकून गाणं बसवलं हे लपत नाही. रॉबर्ट्स १९६७ मध्ये गाडीच्या अपघातात गेला, अगदी तरुण होता.

पोर्टलंडचे किंग्समेन एकदा ओरेगनमध्ये सीसाइड या किनाऱ्यावरच्या गावात वाजवायला गेले होते, तिथल्या क्लबात ज्यूकबॉक्सवर लोक पुन्हा पुन्हा हेच एक गाणं लावत होते आणि नाचत होते. त्यांचा गायक जॅक इली याने ते बघितलं आणि ठरवलं की आपण हे बसवायचं.

इथे एक चूक झाली, आणि त्या चुकीनेच सगळं केलं असं मला मनापासून वाटतं. इलीने गाणं लक्षात ठेवून बाकीच्यांना शिकवलं तेव्हा ठोके चुकले. वेलर्स वाजवायचे एक-दोन-तीन-चार, एक-दोन. इलीने शिकवलं एक-दोन-तीन, एक-दोन. एक ठोका गळला. मोजून बघा टेबलावर, पहिलं गुळगुळीत चालतं, दुसरं अडखळत, धक्के देत पुढे जातं. आज जगभर जी रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा तो तुकडा, वाजते ती या चुकलेल्या मोजणीची आहे.

शब्द एवढे अस्पष्ट का आहेत? मुद्दाम केलं का?

मुद्दाम काही नाही. ६ एप्रिल १९६३, पोर्टलंडमधला एक छोटा स्टुडिओ, खर्च साधारण ५० डॉलर. आदल्या रात्री या पोरांनी हेच एक गाणं न थांबता दीड तास वाजवलं होतं, त्यामुळे इलीचा घसा आधीच बसलेला. त्यात त्याच्या दातांना तारा होत्या. आणि मायक्रोफोन टांगलेला छताजवळ, म्हणजे बिचाऱ्याला मान मागे टाकून, टाचा उंच करून वर बघत ओरडायचं होतं, आजूबाजूला ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर दणदणतायत. असं तुम्ही घरी करून बघा, मान मागे टाकून जोरात एक ओळ म्हणा, शब्दांची टोकं आपोआप गळतात, जीभ पुढे येतच नाही. मी वर्गात एका पोराला करायला लावलं होतं, त्याने आपलंच नाव सांगितलं तरी शेजारच्याला कळलं नाही.

त्यात बँडला वाटलं हा सरावाचा टेक आहे. वाजवून झालं आणि सांगितलं गेलं झालं, हेच ठेवायचं. एकच टेक.

गाण्यात चुका आहेत म्हणतात, त्या कुठे ऐकू येतात?

चांगले हेडफोन लावा. ५४व्या सेकंदाच्या आसपास, ओळींच्या मधे, मागून कुणीतरी ओरडतं. तो ड्रमर लिन ईस्टन, काठीवरून काहीतरी गडबड झाली आणि तोंडातून शिवी निघाली. आवाज लांबून येतो, एकदा माहीत झालं की मग दर वेळी ऐकू येतो.

दुसरी चूक मला जास्त जवळची आहे. सोलो संपतो, साधारण १ मिनिट ५६-५७ सेकंदांवर इली पुढचं कडवं सुरू करतो, पण लवकर, बँड अजून तिथे पोचलेलाच नाही. एक-दोन शब्द तोंडातून जातात, त्याला कळतं, तो थांबतो. मधे भोक पडणार असं वाटतं तेवढ्यात ईस्टन ड्रमवर एक फटकारा मारतो, धडधडधड, आणि ती जागा भरून टाकतो, मग रिफ आपल्या जागी येते आणि इली पुन्हा तेच शब्द घेऊन सुरू होतो. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. यात एक माणूस चुकलाय आणि दुसऱ्याने विचार न करता त्याला सांभाळून घेतलंय. दुसरा टेक घेतला असता तर हे गेलं असतं. पुढे हजारो बँडनी हे गाणं वाजवताना ती चूकसुद्धा मुद्दाम बसवून वाजवलीये.

एफबीआयने खरंच चौकशी केली होती का? का ही अफवा?

खरंच केली होती, फाइल एफबीआयच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे, शंभराहून जास्त पानं, कुणीही वाचू शकतं.

झालं काय, शब्द कळत नाहीत म्हटल्यावर शाळा-कॉलेजातल्या पोरांनी आपापले शब्द बनवले, एकापेक्षा एक अश्लील, कागदावर लिहून एकमेकांना दिले, आणि प्रत्येक जण म्हणायचा खरे शब्द हेच आहेत, रेकॉर्ड हळू लावली की ऐकू येतात. हे कागद आईबापांच्या हाती लागले. १९६४ च्या सुरुवातीला इंडियाना राज्याचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी गाणं अश्लील आहे म्हणत रेडिओवाल्यांना ते न लावण्याची विनंती केली. त्याच सुमाराला एका पालकाने थेट अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र धाडलं. आणि मग एफबीआय कामाला लागली, कारण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात अश्लील माल नेणं हा केंद्राचा गुन्हा होतो.

त्यांच्या लॅबमध्ये ती तबकडी वेगवेगळ्या वेगांनी फिरवून ऐकली गेली, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी तेहतीसवर, अठ्ठ्याहत्तरवर, सगळीकडून. तुम्हाला लहानपणी कुणाकडे रेकॉर्ड प्लेअर होता का माहीत नाही, पण पंचेचाळीसची तबकडी तेहतीसवर लावली की बाईचा आवाज बुवाचा होतो आणि प्रत्येक शब्द चिखलातून पाय ओढल्यासारखा येतो, त्यात ज्याला जे ऐकायचंय ते ऐकू येतं. वेगवेगळ्या शहरांतल्या कचेऱ्यांमधून पोरांकडचे ते कागद गोळा झाले, ते टाइप करून फाइलला लागले, म्हणजे त्या फाइलमध्ये जे काही घाण आहे ते पोरांनी लिहिलेलं आहे. जवळपास अडीच वर्षं हे प्रकरण अधूनमधून चालू होतं आणि निष्कर्ष एवढाच निघाला की कुठल्याही वेगाला लावा, कळत नाही. त्यामुळे गुन्हा काही दाखल झाला नाही.

बेरीचे अधिकृत छापील शब्द फाइलमध्ये आहेत. बेरीची मूळ रेकॉर्ड सहा-सात वर्षं आधीची, त्यात प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो, खलाशी, समुद्र, चंद्र, सगळं. ज्याच्या तोंडी ते वादग्रस्त शब्द घातले गेले त्या इलीला कुणी विचारलंच नाही की बाबा तू काय गायलास. मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. एवढी यंत्रणा कामाला लावली, आणि गायलेल्या माणसाला एक फोन नाही.

आणि ती ५४व्या सेकंदाची खरी शिवी? एवढं ऐकूनसुद्धा तिच्यावरून काही झालं नाही.

पण माणसांना नसलेले शब्द ऐकू येतात असं कसं?

आपल्याकडे बघा ना. गणपतीच्या आरतीत ‘संकटी पावावे’ आहे, निम्मं महाराष्ट्र ‘संकष्टी पावावे’ म्हणतं. ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ झालेलं तुम्ही पण ऐकलं असेल, मी स्वतः कितीतरी वर्षं तसंच म्हणत होतो आणि डोळ्यासमोर देवघराची फळी यायची. गर्दी, टाळ, मोठा आवाज, सगळे म्हणतायत, मग कान जे ओळखीचं आहे ते भरतो. आमच्या कानाने देवघर भरलं. त्या पोरांचं वय सोळा-सतराचं होतं, त्यांच्या कानांनी काय भरलं असेल ते सांगायला नको.

नंबर एकला गेलं होतं का?

बिलबोर्ड या अमेरिकेतल्या मुख्य यादीत नाही. १९६३ चा डिसेंबर आणि १९६४ चा जानेवारी मिळून सहा आठवडे दोन नंबरवर होतं. आधी वर होती बेल्जियमची एक नन, ‘द सिंगिंग नन’, तिचं ‘डॉमिनिक’, मग बॉबी व्हिंटन. कॅशबॉक्स नावाची दुसरी यादी होती तिच्यात मात्र एक नंबर मिळाला.

सुरुवातीला तर गाणं बुडालंच होतं म्हणा ना. पोर्टलंडच्याच पॉल रिव्हिअर अँड द रेडर्सनी त्याच स्टुडिओत, त्याच महिन्यात, हेच गाणं रेकॉर्ड केलं होतं आणि त्यांच्यामागे कोलंबियासारखी कंपनी उभी राहिली. किंग्समेनची तबकडी धूळ खात पडली असती, पण ऑक्टोबर १९६३ मध्ये बॉस्टनच्या आर्नी गिन्सबर्ग या डीजेने आठवड्यातलं सगळ्यात वाईट गाणं म्हणून ती लावली. लोकांनी फोन करून करून पुन्हा लावायला सांगितली.

इलीचं पुढे काय झालं?

गाणं चढायच्या आधीच तो बँडबाहेर होता. १९६३ च्या उन्हाळ्यात ड्रमर ईस्टनने सांगितलं की आता मी पुढे उभा राहून गाणार, तू ड्रमवर जा. बँडचं नाव ईस्टनच्या आईने रजिस्टर केलेलं होतं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. इली निघून गेला. मग गाणं देशभर गाजलं आणि टीव्हीवर ईस्टन इलीच्या आवाजावर नुसते ओठ हलवायचा. इलीने स्वतःचा दुसरा किंग्समेन काढला, प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, शेवटी ठरलं की ईस्टनने इलीच्या आवाजावर ओठ हलवायचे नाहीत आणि इलीने किंग्समेन नाव वापरायचं नाही. त्याने बँडचं नाव ठेवलं कोर्टमेन. २०१५ मध्ये इली गेला.

शाळेत असतानाच या रेकॉर्डवर कीबोर्ड वाजवणारा डॉन गॅलुची पुढे प्रोड्युसर झाला आणि १९७० मध्ये त्याने द स्टूजेस या बँडचा ‘फन हाउस’ हा अल्बम केला, जो पंक रॉकवाले डोक्यावर घेतात. म्हणजे ‘लुई लुई’ आणि पंक, दोन्ही टोकं एकाच पोराच्या हातून गेली.

बेरीला पैसे मिळाले का?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण फार कमी जण विचारतात.

१९५९ मध्ये बेरीचं लग्न ठरलं, पैसे नव्हते. त्याने ‘लुई लुई’ आणि आणखी चार गाण्यांचे हक्क फ्लिपच्या मालकाला, मॅक्स फिअरटॅगला, ७५० डॉलरला विकले. पाच गाणी, साडेसातशे. तेव्हा दोन वर्षं जुनी, थंड पडलेली रेकॉर्ड होती ती, लग्न समोर होतं, कुणीही तेच केलं असतं. आपल्याकडे लग्नासाठी माणसं शेत विकतात, त्याने गाणं विकलं. आणि चार वर्षांनी ते गाणं देशभर प्रत्येक रेडिओवर.

ऐंशीच्या दशकात बेरी लॉस एंजेलिसमध्ये आईच्या घरी राहत होता, सरकारी मदतीवर. ज्याने ते गाणं लिहिलं त्याला महिन्याचा चेक सरकारकडून घ्यावा लागत होता आणि तिकडे कॉलेजच्या प्रत्येक पार्टीत पोरं तेच गाणं ओरडत होती. मग कॅलिफोर्निया कूलर नावाच्या पेयाच्या कंपनीला जाहिरातीसाठी हे गाणं हवं होतं, त्यासाठी बेरीची सही लागत होती, म्हणून त्याला शोधून काढलं. शोधणारे लोक कलाकारांच्या हक्कांचं काम करणारे होते, त्यांनी त्याला सांगितलं की तू तुझे हक्क परत मागू शकतोस. तडजोड झाली आणि बेरीला त्याच्या गाण्याचा वाटा परत मिळाला, माणूस लक्षाधीश झाला. पन्नाशीत का होईना. २३ जानेवारी १९९७ ला तो गेला, म्हणजे साधारण दहा वर्षं त्याला ते सुख बघायला मिळालं.

तो या सगळ्यावर कडवटपणे बोलत नसे असं वाचलंय. त्याच्या वतीने मला थोडा राग येतो, तो तसाच राहू दे.

किंग्समेनचीही रॉयल्टीसाठी वेगळी लढाई झाली, त्यांना कित्येक वर्षं एक पैसा मिळाला नव्हता. १९९३ मध्ये त्यांनी केस टाकली, १९९८ मध्ये अपील कोर्टातही जिंकले आणि मास्टर टेपचे, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे हक्क त्यांच्याकडे परत आले.

वाजवायचं कसं?

ए तीनदा, डी दोनदा, ई मायनर तीनदा, डी दोनदा. दहा ठोके, मग पुन्हा पहिल्यापासून. ई मेजर लावू नका, बरेच जण लावतात, मग ते ‘वाइल्ड थिंग’सारखं वाटायला लागतं. त्या मायनरमुळेच जरा काळोख येतो. आणि प्रत्येक ठोक्यानंतर तळवा तारांवर ठेवून आवाज तोडा, वाहू देऊ नका. वेग वाढतोय असं वाटलं तर वाढू दे.

एवढ्या लोकांनी का गायलं?

हजाराच्या वर आवृत्त्या आहेत, मोजणारे तर दीड हजारापलीकडे जातात. द किंक्स, द बीच बॉइज आणि ओटिस रेडिंग, तिघांनी १९६४ मध्येच केलं. फ्रँक झॅपाच्या बँडने १९६७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या भल्यामोठ्या पाइप ऑर्गनवर वाजवलं. मोटरहेडने १९७८ मध्ये सिंगल काढलं, ब्लॅक फ्लॅगने १९८१ मध्ये, त्यात त्यांनी शब्द स्वतःचेच घातले, रागीट. बॅरी व्हाइटने केलं. आणि सत्तरच्या दशकात टूट्स अँड द मेटल्सनी केलं, ती आवृत्ती लागली की मी हातातलं काम ठेवतो, कारण लॉस एंजेलिसच्या माणसाने कल्पनेतून उभा केलेला जमैकन खलाशी इथे खऱ्या जमैकन माणसाच्या गळ्यात येतो आणि घरी पोचल्यासारखा वाटतो.

का गायलं म्हणाल तर माझं उत्तर साधं आहे, कुणालाही जमतं. गॅरेज रॉक म्हणतात ते हेच, गॅरेजात बसून चार पोरांनी, उधारीच्या अ‍ॅम्प्लिफायरवर. किंग्समेनची रेकॉर्ड ऐकून पोराला वाटतं की हे मी पण करू शकतो, आणि तो करतोच. इतकी घासूनपुसून केलेली गाणी असतात की ती ऐकून माणूस गिटार खाली ठेवतो. हे ऐकून उचलतो.

‘अ‍ॅनिमल हाउस’मुळे गाजलं का?

आधीच गाजलेलं होतं, १९७८ च्या त्या सिनेमाने पुढच्या पिढीपर्यंत नेलं. सिनेमातली गोष्ट १९६२ ची आहे आणि किंग्समेनची रेकॉर्ड १९६३ ची, एवढं सांगून ठेवतो.

वॉशिंग्टन राज्याचं राज्यगीत आहे म्हणतात?

नाही, पण होता होता राहिलं. १९८५ मध्ये रॉस शेफर या टीव्हीवरच्या विनोदी कलाकाराने मोहीम काढली, विधिमंडळात ठराव आला, १२ एप्रिलला ऑलिंपियात राजधानीच्या इमारतीसमोर मोठी गर्दी जमली, जुने बँड वाजवायला आले. अधिकृत गीत जे होतं तेच राहिलं. पण सिअ‍ॅटलच्या बेसबॉलच्या मैदानावर कित्येक वर्षं सातव्या इनिंगला ‘लुई लुई’च वाजायचं. आणि ११ एप्रिल, बेरीचा वाढदिवस, हा दिवस चाहते ‘लुई लुई’ दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी मी क्लासमध्ये दुसरं काही शिकवत नाही.

इतक्या आवृत्त्या एकामागून एक कुणी ऐकल्यात का?

हो! ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केएफजेसी या कॉलेज रेडिओने ६३ तास सलग फक्त ‘लुई लुई’ लावलं, ८०० च्या वर वेगवेगळ्या आवृत्त्या. बेरी स्वतः तिथे आला होता आणि गायला होता. जाहिरातीचे पैसे यायच्या आधीची गोष्ट आहे ही.

मी पहिल्यांदाच ऐकणार आहे, कुठून सुरू करू?

बहुतेक लोक किंग्समेन लावतात. तुम्ही तसं करू नका. आधी बेरीची १९५७ ची लावा, रात्री, हळू आवाजात. मागे दुसरा एक खर्जातला माणूस डा डा डा करत रिफ तोंडाने धरून ठेवतो, बेरी शांतपणे गातो, घाई नाही, बारमध्ये बसलेल्या माणसाला कसली घाई. शब्द ऐका. मग वेलर्स. मग किंग्समेन, यावेळी आवाज वाढवून. तोपर्यंत खलाशी काय म्हणतोय ते तुम्हाला माहीत असेल, त्यामुळे इली मान वर करून ओरडतो तेव्हा एकेक शब्द आपोआप लागत जाईल, समुद्र, बोट, केसातलं फूल, चंद्र.